वणव्यानंतरची दहा वर्षे

वणवा हा शब्द आपल्या सीमाभागातील माणसाला नवा नाही. होळी झाली की खानापूर, चंदगड, जोयडा या बाजूच्या डोंगरांवर रात्री आगीची वेडीवाकडी माळ दिसू लागते, आणि घरातील वडीलधारी माणसे "डोंगर पेटला" एवढेच म्हणून झोपायला जातात. कोणी गवत चांगले यावे म्हणून काडी लावतो, कोणाची राब भाजताना ठिणगी उडते, कोणी जळती विडी टाकून पुढे जातो. मार्च २०२३ मध्ये गोव्यातील म्हादई अभयारण्यात व त्याच्या आसपास अशा आगी एकामागून एक लागल्या, तेव्हा पाणी ओतण्यासाठी हवाई दलाची व नौदलाची हेलिकॉप्टरे आणावी लागली, हे वाचकांच्या स्मरणात असेलच. तथापि आपल्याकडचा वणवा बहुधा जमिनीलगत चालतो. गवत, पालापाचोळा, झुडपे जळतात. रान काळे पडते आणि पावसाळ्यात पुन्हा हिरवे होते. काजूच्या बागांचे, गवताच्या गंजींचे नुकसान होते आणि ज्याचे होते त्याला ते लहान नसते. परंतु एका संध्याकाळी गावच्या गाव राख होणे, हा प्रकार आपण पाहिलेला नाही.

ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्याने तो ७ फेब्रुवारी २००९ रोजी पाहिला. त्या दिवसाला तेथील लोक 'काळा शनिवार' म्हणतात. आग एका दिवसाची होती. तिच्यानंतरचे दिवस मात्र पुढे दहा वर्षे चालले. सुदैवाने ते दिवस कोणीतरी खरोखरच मोजून ठेवले, त्यांचा पद्धतशीर अभ्यास केला. संकटग्रस्तांना मदत करणाऱ्या लहानमोठ्या संस्थांना त्या अभ्यासातून घेण्यासारखे पुष्कळ आहे, म्हणून प्रस्तुत लेखात आगीपेक्षा तिच्या नंतरचाच विचार अधिक केला आहे.

आधी त्या दिवसाविषयी थोडेसे सांगितले पाहिजे. व्हिक्टोरियात तेव्हा उन्हाळा होता आणि त्याआधी बारा-एक वर्षे पाऊस सरासरीपेक्षा कमीच पडत आला होता. जानेवारीच्या अखेरीस मेलबर्न शहरात लागोपाठ तीन दिवस पारा ४३ अंशांच्या वर गेला. त्या उष्म्याच्या लाटेत एरवीपेक्षा सुमारे ३७४ माणसे अधिक दगावली. पुढच्या आगीच्या गदारोळात ही गोष्ट बहुतेकांच्या ध्यानातून निसटली. मग ७ फेब्रुवारीला मेलबर्नचे तापमान ४६.४ अंशांवर पोहोचले. त्या शहराच्या नोंदीत इतका उष्ण दिवस पूर्वी कधी नव्हता. वारा ताशी शंभर किलोमीटरच्या वेगाने उत्तरेकडून, म्हणजे खंडाच्या तापलेल्या पोटातून येत होता.

दुपारी बाराच्या थोडे आधी किलमोर ईस्ट या ठिकाणी विजेची एक जुनी तार तुटली आणि वाळलेल्या गवताने पेट घेतला. तेथील जंगल म्हणजे मुख्यत्वे निलगिरीच्या कुळातील वृक्ष. सर्दी झाली की आपण रुमालावर जे तेल शिंपडतो, ते ज्याच्या पानांत ठासून भरलेले असते असे झाड पेटल्यावर काय होईल, हे विद्यार्थ्यांना फारसे समजावून सांगावे लागत नाही. त्यातून या झाडांच्या काही जातींची साल लांब पट्ट्यांनी सोलून लोंबत राहते. वाऱ्याने ती पेटती पट्टी मशालीसारखी उडते आणि मूळ आगीपुढे कित्येक किलोमीटरवर जाऊन पडते; त्या दिवशी अशा ठिणग्या तीस किलोमीटरपर्यंत गेल्याचे नमूद आहे. त्यामुळे आग सरळ रेषेत येईल आणि ती येताना आपल्याला दिसेल, हा लोकांचा अंदाजच फसला.

संध्याकाळी दुसरी गोष्ट घडली. वारा वायव्येकडून फिरून नैऋत्येचा झाला. मेलबर्नकरांना या वाऱ्याने गारवा मिळाला, डोंगरातल्या माणसांवर मात्र त्यानेच मृत्यू आणला. तोवर आग वाऱ्याबरोबर एका लांबट, चिंचोळ्या पट्ट्याच्या रूपाने पुढे गेली होती. एखादी लांब काठी टोकाच्या दिशेने सरकवत असताना एकाएकी तिला बाजूने ढकलावे, तसे झाले. पट्ट्याची सबंध बाजू हीच आता आगीची आघाडी बनली आणि किंगलेक, मेरीसव्हिल अशी डोंगरमाथ्यावरची व दरीतली गावे तिच्या तोंडी सापडली. एकंदर १७३ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी ११९ जणांचा बळी किलमोर ईस्टच्या एकट्या आगीने घेतला. दोन हजारांहून अधिक घरे गेली. सुमारे साडेचार लाख हेक्टर प्रदेश होरपळला. मेरीसव्हिलमध्ये चारशेहून अधिक इमारतींपैकी बोटांवर मोजण्याइतक्या उभ्या राहिल्या. स्ट्रॅथ्यूएन नावाच्या दोनशे-एक वस्तीच्या गावातून सत्तावीस माणसे गेली. या शेवटच्या आकड्याशी वाचकाने क्षणभर थांबावे. आपल्या एखाद्या लहान वाडीत इतक्या घरांत एकाच दिवशी प्रेत उठावे, म्हणजे खांदा देणारे ते कोण आणि सांत्वनाला जाणारे ते कोण?

आता मूळ विषयाकडे वळू. आगीच्या दुसऱ्याच दिवशी रेडक्रॉसने सरकारच्या सहकार्याने निधी उघडला. त्यात सुमारे ३८ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर जमले. हा पैसा कसा वाटावा हे ठरविणाऱ्या सल्लागार मंडळाचे अध्यक्षपद जॉन लँडी यांना देण्यात आले. लँडी हे व्हिक्टोरियाचे माजी राज्यपाल; परंतु जुन्या पिढीतील खेळप्रेमी वाचकांना ते १९५४ साली मैलभराची शर्यत चार मिनिटांच्या आत धावणारा जगातला दुसरा पुरुष म्हणून आठवतील. १९५६ साली राष्ट्रीय स्पर्धेत धावताना पुढे पडलेल्या रॉन क्लार्क या तरुण प्रतिस्पर्ध्याची विचारपूस करण्यासाठी ते वाटेत थांबले आणि तरीही शर्यत जिंकले. अशा माणसाकडे वाटपाचे काम सोपविण्यात औचित्य होते असे मला वाटते, कारण पडलेल्या माणसापाशी थांबावे लागते ही गोष्ट त्यांना शिकवावी लागणार नव्हती.

पैशाबरोबर वस्तूही आल्या. इतक्या आल्या की त्या ठेवायला मोठमोठी गोदामे घ्यावी लागली. जुने कपडे, भांडी, खेळणी, गाद्या. ज्याचे घर जळले त्याला गादी हवी असते हे खरे, पण ती ठेवायला आधी खोली लागते. शेवटी अधिकाऱ्यांना वस्तू पाठवू नका, रोख रक्कम द्या, असे जनतेला विनवावे लागले. आपल्याकडे पूर आला की दुसऱ्या दिवशी रस्त्याच्या कडेला जुन्या साड्यांचे ढीग पडतात, त्याचीच ही दुसरी आवृत्ती. देणाऱ्याच्या मनात खोट नसते; तो आपल्या घरात काय जास्त आहे ते पाहतो, समोरच्याच्या घरात काय उणे आहे ते पाहायला त्याला उसंत नसते.

याउलट दोन गोष्टी फार चांगल्या झाल्या. पहिली म्हणजे जळालेल्या घरांचा मलबा सरकारी खर्चाने, मालकाला एक पैसाही न लावता उचलण्यात आला. जुन्या घरांत ॲस्बेस्टॉसचे पत्रे असत. ते मोडून हवेत मिसळले तर फुप्फुसाचे दुर्धर रोग होतात, म्हणून हे काम ज्याचे त्याच्यावर सोडणे धोक्याचेही होते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. प्रत्येक बाधित कुटुंबामागे एक ठराविक कार्यकर्ता देण्याची योजना आखण्यात आली आणि पाच हजारांहून अधिक कुटुंबांनी तिचा लाभ घेतला. विम्याचा अर्ज, अनुदानाचा अर्ज, मुलाची शाळा, वैद्याची भेट, हे सर्व त्या एका माणसाच्या मार्फत. त्यामागचे कारण सरकारी खिडकीपुढे उभा राहिलेला कोणीही ओळखेल. ज्याने बायको किंवा मूल गमावले, त्याला दहा खिडक्यांवर दहा वेळा तीच हकिगत सांगायला लावणे ही नकळत घडणारी क्रूरता असते. यादीत नाव चढविणे सोपे आहे. नावामागच्या माणसाला वर्षभर ओळखून राहणे हे खरे काम, आणि ते लहान संस्थेलाही करता येते. किंबहुना लहान संस्थेलाच ते अधिक चांगले साधते.

राहण्याची सोय म्हणून मेरीसव्हिल, किंगलेक, फ्लॉवरडेल वगैरे ठिकाणी तात्पुरत्या वसाहती उभारल्या. फ्लॉवरडेलच्या रहिवाशांनी तर आम्हांला दूरच्या शहरात पांगवू नका, आमच्याच गावात राहू द्या, असा आग्रह धरून वसाहत पदरात पाडून घेतली. वसाहतीतील खोल्या लहान होत्या. स्वयंपाक, धुणे सामाईक होते. तक्रारीही होत्या. पण शेजारी तेच राहिले. या एका गोष्टीचे मोल पुढे अभ्यासकांच्या आकड्यांतून दिसून आले, ते यथावकाश पाहू.

पुनर्बांधणीसाठी सरकारने तीनच दिवसांत एक प्राधिकरण जाहीर केले आणि त्या वेळच्या पोलीस प्रमुख क्रिस्टीन निक्सन यांना त्याच्या अध्यक्षपदी नेमले. गावोगाव समित्या झाल्या. समाजमंदिर कोठे असावे, क्रीडांगण कसे असावे, स्मारक हवे की नको, याचे आराखडे गावकऱ्यांकडूनच मागविले. ही पद्धत तत्त्वतः योग्यच होती. अडचण वेळेची होती. पैसा समोर होता, तो अमुक मुदतीत खर्ची पडला पाहिजे असा दंडक होता, आणि ज्यांनी निर्णय घ्यायचे ती माणसे अजून रात्री दचकून उठत होती. त्यामुळे सभांमध्ये भांडणे झाली, समित्यांतील तीच पाचदहा माणसे थकून गेली, आणि काही इमारती अशा उभ्या राहिल्या की ज्यांचा झाडलोटीचा खर्चही गावाला पुढे जड व्हावा. शोकात असलेल्या माणसाला आपण म्हणतो, आत्ता काही ठरवू नका, जरा दिवस जाऊ द्या. गावाच्या बाबतीत हे शहाणपण कोणाला सुचत नाही.

घरे बांधण्यातही पेच होते. आगीनंतर महिन्याभरातच नवे बांधकाम-नियम लागू झाले. घराच्या आसपास झाडी किती, उतार किती, यावरून धोक्याची पायरी ठरवावयाची आणि त्याप्रमाणे खिडक्यांच्या काचा, जाळ्या, छप्पर, फळ्या वापरावयाच्या. नियम आवश्यक होते याबद्दल वाद नाही. पण त्यांनी खर्च वाढला, आणि पुष्कळांचा विमा जुन्या घराच्याही किमतीला पुरणारा नव्हता. म्हणून कित्येकांनी जमीन विकली आणि ते निघून गेले. २०११ च्या जनगणनेत मेरीसव्हिलची वस्ती २००६ च्या मानाने निम्म्याच्या आत आली होती. पुढील दशकात ती हळूहळू भरली, परंतु त्यात नवी माणसे बरीच.

येथे आपल्या मराठी मुलखातील एका अनुभवाची आठवण होणे साहजिक आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर-उस्मानाबाद भागात सुमारे दहा हजार माणसे गेली आणि पन्नासांवर गावे मूळ जागेवरून हलवून नवी वसविली. नवी घरे भूकंपाला टिकतील अशी बांधली, रस्ते रुंद व सरळ आखले. परंतु जुन्या गावात वाडा, गल्ली, पार आणि भावकी यांचा जो गुंता होता तो आखीव चौकोनांत बसला नाही. शेजार मोडले, शेत लांब पडले. त्या संकटातही धावून आलेल्यांची कळकळ अस्सल होती. पण घर बांधणे म्हणजे गाव बांधणे नव्हे, हे उमगायला तेथेही वेळ लागला.

चौकशीचे काम व्हिक्टोरियाने उत्तम केले असे म्हणावे लागेल. माजी न्यायमूर्ती बर्नार्ड टीग यांच्या अध्यक्षतेखाली राजकीय आयोग नेमला गेला. त्याने गावांत जाऊन लोकांचे ऐकले, प्रत्येक मृत्यूची स्वतंत्र सुनावणी केली आणि जुलै २०१० मध्ये ६७ शिफारशींसह अहवाल दिला. 'घर सज्ज करून लढा, नाहीतर वेळीच निघा' असे तोवरचे सरकारी धोरण होते. अशा भयंकर दिवशी लवकर निघून जाणे हाच सुरक्षित मार्ग, हे आयोगाने स्पष्ट केले. धोक्याच्या कोष्टकात त्यानंतर एक वरची पायरी वाढविण्यात आली, कारण जुने मापन १९३९ सालच्या महाआगीला शंभर मानून बेतलेले होते आणि या दिवशी ते शंभराच्या पुष्कळ पुढे गेले होते. दरवर्षी सरकारी रानाचा पाच टक्के भाग मुद्दाम जाळून काढावा, ही शिफारस सरकारने प्रथम स्वीकारली व काही वर्षांनी सोडून दिली. किती जाळले यापेक्षा कोठे जाळले हे महत्त्वाचे, असा विचार मागाहून प्रबळ झाला. आपल्या वनखात्याच्या जाळरेषांबद्दलही हाच प्रश्न विचारता येईल.

तुटलेल्या तारेचा दावा मात्र वर्षानुवर्षे चालला. जुलै २०१४ मध्ये वीज कंपनी, तारांची देखभाल करणारा कंत्राटदार व सरकार यांनी मिळून सुमारे साडेएकोणपन्नास कोटी डॉलरची तडजोड मान्य केली. वीज कंपनीने दोष कबूल केला नाही. रकमा प्रत्यक्ष हाती पडेपर्यंत आणखी दोन वर्षे गेली. रक्कम प्रचंड आहे, आणि तरीही या सर्व काळात माणसे काय करीत होती हे कोर्टाच्या कागदांतून कळत नाही.

ते कळते मेलबर्न विद्यापीठाच्या अभ्यासातून. प्राध्यापिका लिसा गिब्ज यांच्या नेतृत्वाखाली अनेक अभ्यासकांनी जास्त होरपळलेल्या, कमी होरपळलेल्या व वाचलेल्या अशा गावांतील माणसांना वर्षांमागून वर्षे भेटून प्रश्न विचारले. बहुतेक माणसे सावरली, ही पहिली गोष्ट, आणि ती विसरता कामा नये. परंतु दहा वर्षांनंतरही, ज्या गावांना सर्वांत मोठा फटका बसला तेथील २२ टक्के लोकांत मानसिक विकाराची निदान करता येण्याजोगी लक्षणे होती. सर्वसाधारण समाजाच्या मानाने हे प्रमाण सुमारे दुप्पट होते. पाचातील एकाहून अधिक. संताप हाही एक रेंगाळणारा विकार निघाला; कोणाचे झोपेत ओरडणे थांबले, पण घरात चिडणे थांबले नाही. तेथील स्त्रियांनी घरातील मारहाणीविषयी सांगितले तेही नोंदले गेले. आपल्याकडे मदतफेरी निघते तेव्हा या गोष्टीची चौकशी कोणी करीत नाही, आणि केली तर उत्तर मिळत नाही. म्हणून ती करणारी स्त्री-कार्यकर्ती संस्थेत असावी लागते.

कोण सावरले आणि कोण मागे राहिले, याचा शोध अधिक उद्बोधक आहे. गावातील एखाद्या मंडळात, खेळाच्या संघात, भजनी अथवा विणकामाच्या गटात, अग्निशमनाच्या स्वयंसेवक दलात जी माणसे बेताने गुंतलेली होती, त्यांची प्रकृती चांगली राहिली. येथे 'बेताने' हा शब्द ध्यानात घ्यावा. जी माणसे अनेक गटांत एकाच वेळी राबत होती, त्यांना तेवढा लाभ दिसला नाही. विशेष हे की ज्या गावात अशी बेताने गुंतलेली माणसे पुष्कळ होती, तेथे कोणत्याही गटात नसलेल्या एकलकोंड्यालाही त्याची ऊब लागली. उलट ज्यांचे निकटचे मित्र गाव सोडून गेले, ते मागे राहिलेले लोक खिन्नतेच्या आजाराला अधिक बळी पडले. स्वतःचे घर शाबूत असलेला माणूसही शेजारी गेल्यामुळे आजारी पडू शकतो, हे नुकसानभरपाईच्या कोणत्याही रकान्यात बसत नाही. फ्लॉवरडेलच्या गावकऱ्यांचा हट्ट किती शहाणपणाचा होता, हे येथे कळते.

आणखी एक निष्कर्ष मला प्रथम वाचताना विलक्षण वाटला. ज्या रानाने आग आणली, त्याच रानाशी ज्यांचा जिव्हाळ्याचा संबंध टिकून होता, त्यांची मने अधिक बरी राहिली. विचार करता त्यात नवल नाही. तेथील निलगिरीच्या अनेक जातींना आगीनंतर थोड्याच आठवड्यांत काळ्या खोडातून थेट पालवी फुटते. फांद्यांची वाट न पाहता बुंध्यावरच हिरवे केस उगवल्यासारखे दिसते. नव्वद मीटरपर्यंत वाढणारा जो त्यांचा उंच वृक्ष, तो मात्र अशा आगीत मरतो. पण त्याचे बी जळलेल्या फांद्यांवरून राखेत पडते आणि त्या उघड्या, उजेडाच्या जमिनीतच जोमाने रुजते. ज्याला रोज खिडकीतून हे दिसते त्याचे मन हळूहळू त्याच्याबरोबर चालू लागत असावे.

या अभ्यासाचा जो भाग शिक्षकाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा, तो मी मुद्दाम मागे ठेवला होता. ऑस्ट्रेलियात तिसऱ्या व पाचव्या इयत्तेत देशभर एकच परीक्षा होते. अभ्यासकांनी व्हिक्टोरियातील २४,६४२ प्राथमिक विद्यार्थ्यांचे गुण घेतले आणि तिसरीपासून पाचवीपर्यंत प्रत्येकाने किती मजल मारली ते पाहिले. ही आगीनंतरच्या दोन ते चार वर्षांची गोष्ट. ज्या शाळांच्या परिसराला आगीची झळ अधिक, तेथील मुलांची वाचनातील व गणितातील प्रगती अपेक्षेपेक्षा कमी भरली. लेखन, शुद्धलेखन, व्याकरण यांत तसा फरक आढळला नाही.

जो वर्गात उभा राहतो त्याला यातले मर्म कळेल. शुद्धलेखन हे बरेचसे सवयीचे आणि पाठांतराचे काम आहे. मूल मनाने अर्धे हजर असले तरी ते निभते. गणिताचे तसे नाही. भागाकारात हातचा चुकला की अपूर्णांक कळत नाहीत, आणि अपूर्णांक कळले नाहीत की पुढच्या इयत्तेचे दारच बंद होते. वाचलेल्या उताऱ्याचा अर्थ लावायलाही मन एका जागी धरून ठेवावे लागते. घरात बाप गप्प आहे, आई कचेऱ्यांच्या फेऱ्या घालते आहे, जिवलग मैत्रीण दुसऱ्या गावी निघून गेली आहे, वर्गातल्या बाईही दोनदा बदलल्या आहेत. असे मूल खोडकर होईलच असे नाही. पुष्कळदा ते अगदी शहाणे होते. बाकावर हात बांधून बसते, विचारल्यास मान हलवते, आणि आम्ही शिक्षक समाधान मानतो. तिसऱ्या वर्षी गुणपत्रिकेवर आकडा खाली आलेला दिसतो, तेव्हा त्याचा आगीशी संबंध जोडायला कोणी उरलेले नसते. मुलावर 'अभ्यासात कच्चा' असा शिक्का बसतो.

आता आपल्याकडील निधींची रीत पाहा. संकट आले की त्या वर्षी फी भरली जाते, वह्या-पुस्तके, गणवेश, दप्तर मिळते, समारंभात छायाचित्र निघते. दुसऱ्या वर्षी दुसरे संकट येते आणि यादी बदलते. यात फसवणूक काही नाही. दात्याचा ओघच तसा असतो. परंतु मेलबर्नच्या अभ्यासकांनी सावरण्याची योजना निदान पाच वर्षांची धरावी असे जे सुचविले आहे, त्याचा अर्थ हिशेबाच्या भाषेत असा होतो की जमलेल्या रकमेपैकी काही भाग पहिल्या वर्षी खर्च करावयाचाच नाही. तो तिसऱ्या, चौथ्या वर्षासाठी ठेवावा, आणि तोवर त्या मुलांची नावे, इयत्ता व गुण यांची एक साधी नोंदवही कोणीतरी चालवावी. शिल्लक रक्कम पाहून सभासद वार्षिक सभेत प्रश्न विचारतील, विचारू द्यावेत. शिकवणीचा एक होतकरू तरुण संध्याकाळी दोन तास बसविला तर नवे दप्तर देण्यापेक्षा त्याचा उपयोग अधिक होईल, असे माझे स्पष्ट मत आहे. दप्तर नको असे नव्हे.

स्मारकांविषयी येथे फार लिहीत नाही. एकाचा उल्लेख केला पाहिजे. व्हिक्टोरियातील लोहारांनी गमजेने नव्हे तर खरोखर मनावर घेऊन पोलादाचा एक निलगिरी वृक्ष घडविला. त्याची तीन हजारांवर पाने अनेक देशांतील लोहारांनी आपापल्या भात्यावर ठोकून पाठविली, कित्येकांवर मृतांची व गावांची नावे कोरली, आणि २०१४ साली तो जवळजवळ दहा मीटर उंचीचा वृक्ष व्हिटलसी येथे उभा राहिला. आगीने गेलेल्यांचे स्मारक आगीतूनच घडावे, हे कोणा समितीला सुचले नसते.

स्ट्रॅथ्यूएन गावाची शाळा त्या शनिवारी समूळ जळाली होती. काही काळ मुले दुसऱ्या गावच्या शाळेत जाऊन शिकली. मग जुन्याच जागेवर नवी शाळा उभी राहिली. आरंभीची वर्षे शिक्षकांनी आगीचा विषय जपून, मुले विचारतील तेवढाच बोलला. पुढे २०१६ पासून त्या शाळेने गावच्या स्वयंसेवक अग्निशमन दलाबरोबर एक उपक्रम सुरू केला. पाचवी-सहावीची मुले दलातील माणसांबरोबर रानात जातात, पालापाचोळा किती वाळला आहे ते पाहतात, वारा, उष्मा व हवेतील दमटपणा यांवरून आजच्या दिवसाची पायरी कोणती ते काढायला शिकतात. आपल्या घरी निघण्याची योजना ठरली आहे काय, हे ती आईवडिलांना विचारतात. गावातील जुन्या माणसांना भेटून त्यांनी त्यांच्या आठवणी ऐकल्या आणि मातीच्या बाहुल्यांचा एक चित्रपटही तयार केला. त्या पहिल्या तुकडीतील मुले आगीच्या वेळी जेमतेम तीन-चार वर्षांची होती. आज त्या बाकांवर जी बसतात, त्यांचा जन्म आगीनंतरचा आहे, आणि गावात सायंकाळी वारा फिरला की तो कोठून कोठे फिरला हे ती मोठ्यांच्या आधी सांगतात.